व्हेनिसमधलं संगमरवरी 'मिराकोली' चर्च: कोण कोण जाऊन आलंय?

भटकी_मावशी

नमस्कार मंडळी,

व्हेनिसवर इथे पूर्वी धागे येऊन गेलेत, पण बहुतेक सगळे गोंडोल्याचं भाडं आणि सान मार्को या मोठ्या चर्चची रांग यांच्यापुढे सरकत नाहीत. म्हणून हा वेगळा धागा, एकाच चर्चवर: सांता मारिया देई मिराकोली.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका टूरबरोबर व्हेनिस 'केलं' होतं. साडेचार तास मिळाले, त्यातला पाऊण तास काचेच्या दुकानात गेला. यंदा आईला घेऊन (वय ७२, गुडघे कुरकुरणारे, जीभ शाबूत) स्वतंत्रपणे गेले, चार दिवस. त्यातली एक दुपार या चर्चला दिली आणि सगळ्या प्रवासात तीच डोक्यात राहिली.

रिआल्तोच्या पुलापासून चालत सात-आठ मिनिटं, कान्नारेज्यो भागात. मोबाइलवरचा निळा ठिपका त्या बोळांत भांबावतो, तेव्हा पाट्या बघत जा. समोर मोठा चौक नाही, मैदान नाही. बोळ वळतो आणि एकदम दागिन्यांची पेटी ठेवल्यासारखं ते दिसतं. व्हेनिसमधली कितीतरी चर्चेस पुढून जरतारी आणि मागून उघड्या विटा अशी आहेत. हे मात्र चारही बाजूंनी संगमरवराने मढवलंय. एक बाजू तर थेट कालव्यात उतरते. पाण्याची हलती तिरीप त्या भिंतीवर पडते तेव्हा भिंतच श्वास घेतेय असं वाटतं.

हकिगत थोडक्यात अशी. अमादी नावाच्या घराण्याने साधारण १४०८ साली नीकोलो दी पिएत्रो या चित्रकाराकडून मरियेचं चित्र करून घेतलं आणि ते गल्लीतल्या भिंतीवर लावलं होतं. १४८० मध्ये ते पावतं म्हणून बोलबाला झाला, लोक मेणबत्त्या आणि पैसे घेऊन लोटले. १४८१ मध्ये बांधकाम सुरू झालं, १४८९ मध्ये पुरं. बांधणारा पिएत्रो लोम्बार्दो, हाताखाली त्याची मुलं तुल्लिओ आणि अंतोनिओ. आधी बेत लहान होता. दान वाढत गेलं तसा तो वाढला, आणि वेदीचा घुमटाखालचा भाग नंतर मोठा करून घेतला.

आत शिरल्यावर मी सवयीने वर छताकडे बघायला लागले. आई मात्र भिंतीपाशी जाऊन उभी. म्हणाली, "अगं, हे बघ, याने दगड उसवलाय." मला कळेना. मग दिसलं. एका फरशीवरची करडी रेघ जिथे संपते तिथे शेजारच्या फरशीवर तीच रेघ उलटी सुरू होते, आरशात बघितल्यासारखी. त्यातून कधी पानाचा आकार होतो, कधी फुलपाखराचा. कोणी रंगवलेलं नाही, कोरलेलं नाही. आईने बोट पुढे केलं आणि तिथल्या राखणदाराने दुरूनच मान हलवली. बोट मागे.

पुढे वेदीकडे जायला १४ पायऱ्या. आईने खालूनच मोजल्या. "जेजुरी चढलेय मी," म्हणाली, आणि सातव्या पायरीवर टेकली. ती तिथे बसलेली असताना मी वर जाऊन आले. वरच्या कमानीच्या खांबांच्या तळाशी कोरीवकाम आहे: वेली, गुबगुबीत पोरं, आणि जलपऱ्या, ज्यांच्या शेपट्या कुठे संपतात आणि वेल कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. कठड्यावर संत फ्रान्सिस, देवदूत गाब्रिएल, मरिया आणि संत क्लारा यांचे छोटे पुतळे आहेत, ते तुल्लिओच्या नावावर सांगतात.

तिकीट तीन-साडेतीन युरोच्या घरात. बऱ्याच चर्चेसचा मिळून 'कोरुस' नावाचा पास निघतो, चार-पाच बघणार असाल तर तोच घ्या. रविवारी पर्यटकांना सहसा सोडत नाहीत. खांदे झाकलेले असावेत.

कोणी गेलंय का? आणि ती उलट्या रेघांची करामत नेमकी कशी करतात, हे इथे कोणाला माहीत असेल तर सांगा. आई रोज विचारतेय.


उंबरठा

वाचतेय. फोटो टाका की मावशी!


पाथरवट

मावशी, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. 'दगड उसवलाय' हे आमच्या धंद्यातल्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याला कामावर ठेवलं असतं.

आमचा फरशीचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. याला आम्ही 'बुकमॅच' म्हणतो. दगडाचा ठोकळा पावासारखा कापत गेलं की लागोपाठच्या दोन कापांच्या समोरासमोरच्या बाजूंवर जवळजवळ तीच नक्षी असते. ते दोन काप पुस्तक उघडल्यासारखे शेजारी मांडायचे, झालं. सांगायला सोपं. आज किशनगडला यंत्राच्या पात्यांखाली एका दिवसात ढीगभर काप पडतात. पण १४८० च्या काळात दात नसलेलं लोखंडी पातं, वर वाळू आणि पाणी, आणि दोन माणसं दोन टोकांना ओढतायत. पातं कापत नाही, वाळू कापते. पात्याच्या जाडीइतका दगड चुरा होऊन जातो, म्हणून पातं जाड असेल तर दोन कापांची नक्षी थोडी सरकते आणि रेघ जुळत नाही. तिथे रेघा जुळल्यायत याचा अर्थ कापणारा हात जबरदस्त होता.

एक विचारायचं होतं: भिंतीवर गडद लाल किंवा हिरव्या रंगाच्या गोल चकत्या दिसल्या का?


भटकी_मावशी

दिसल्या ना! दर्शनी भागावर तर आहेतच. जांभळट लाल आणि गडद हिरव्या. मला वाटलं दगडाची जडणघडणच तशी गोल असते. हसू नका.


पाथरवट

हसत नाही. तो जांभळट लाल म्हणजे पॉर्फिरी. दिसायला संगमरवरासोबत बसवतात, पण तो संगमरवर नाही, ज्वालामुखीतला खडक आहे, पोलादाला भारी पडणारा. त्याची खाण इजिप्तच्या वाळवंटात होती आणि रोमन काळानंतर ती बंद पडली. त्यामुळे १५ व्या शतकात कोणाला पॉर्फिरी हवा असेल तर एकच मार्ग: जुना रोमन खांब शोधा आणि आडवा कापा. काकडीच्या चकत्या करतो तसं. म्हणून गोल! ती चकती म्हणजे कुठल्यातरी देवळाच्या किंवा राजवाड्याच्या खांबाची काकडी.

हिरव्यात दोन प्रकार येतात. एक थेस्सलीचा, पांढरे-काळे तुकडे असलेला, आणि एक स्पार्टाजवळचा, बारीक फिकट ठिपक्यांचा. दोन्ही ग्रीसचे.


शंकेखोर

म्हणजे थोडक्यात चोरीचा माल. १२०४ मध्ये याच व्हेनिसवाल्यांनी चौथ्या धर्मयुद्धाच्या नावाखाली कॉन्स्टँटिनोपल लुटलं आणि खांब, घोडे, संगमरवर जहाजात घालून आणलं. सान मार्कोवर ते सगळं लावलं आणि उरलंसुरलं इथे. आपण मात्र 'वा काय रेघा जुळल्यायत' म्हणून माना डोलवायच्या.


भटकी_मावशी

शंकेखोर, लुटीचं खरंच आहे. सान मार्कोच्या उरलेल्या दगडातून मिराकोली मढवलं ही मात्र सांगोवांगीची गोष्ट आहे, तिथले गाइड रंगवून सांगतात. काही तुकडे जुने असणारच, पाथरवटांनी सांगितलंच. पण सगळं चर्च 'उरल्यासुरल्यात' झालं असतं तर एकाच शिळेचे इतके जोडकाप कुठून मिळाले असते?


शंकेखोर

बरं, हा मुद्दा मान्य. लुटीचा मुद्दा मात्र सोडत नाही.


टी_स्क्वेअर

कॉलेजात या इमारतीचं चित्र काढलंय, म्हणून राहवत नाही. बाहेरच्या भिंतीवर खोट्या खांबांच्या दोन ओळी आहेत. खालचे खांब कोरिंथियन (डोक्यावर कोरीव पानं, म्हणजे नटवे), वरचे आयोनिक (डोक्याला नुसती वळणं, म्हणजे साधे). शास्त्राप्रमाणे हे उलटं! रोमन रिवाज असा की साधं खाली आणि नटवं वर. आमच्या सरांनी याला 'चूक' म्हटलं होतं आणि मी तेव्हा मुकाट्याने लिहून घेतलं. आता वाटतं, बोळ इतका अरुंद आहे की वरची ओळ बघायला मान मोडते. पानाफुलांचं कोरीव डोकं असलेले खांब लोकांच्या नजरेजवळ ठेवले तर बिघडलं काय? हा माझा तर्क, सरांना सांगू नका.

अजून एक. कालव्याच्या बाजूला खांब इतके दाट बसवलेत की चर्च आहे त्यापेक्षा लांब वाटतं. पिएत्रो मुळात मूर्तिकार होता, इमारतसुद्धा तो डोळ्याला काय दिसेल या हिशेबाने करायचा. तिथून पाच मिनिटांवर 'स्कुओला ग्रांदे दी सान मार्को'चा दर्शनी भाग बघा. सपाट संगमरवरात कोरलेले खोल ओवऱ्यांचे देखावे, त्यात सिंह आत उभा असल्यासारखा. तेही याच बापलेकांचं काम. आणि ती इमारत आज शहराच्या हॉस्पिटलचं दार आहे. लोक केसपेपर हातात घेऊन त्या सिंहासमोरून जातात.


सोपारा_फास्ट

मी वसईचा, कॅथलिक. दोन वर्षांपूर्वी बायकोबरोबर गेलो होतो. मावशींनी छान लिहिलंय, एक गोष्ट त्यात भर घालतो.

त्या १४ पायऱ्या नुसत्या थाटासाठी नाहीत. वेदी इतकी उंच घेतल्यामुळे तिच्या खाली साक्रिस्ती, म्हणजे धर्मगुरूंची तयारीची खोली, बसली. चर्च चिंचोळं, शेजारी जागाच नाही. आणि दुसरं असं की मागे वळून बघा. दाराच्या वर एक सज्जा आहे. तो मठातल्या क्लारा संघाच्या भगिनींसाठी होता. त्या मठातून एका वरच्या वाटेने थेट सज्ज्यात यायच्या, रस्त्यावर पाऊल न ठेवता, आणि तिथूनच मिस्सा, म्हणजे वेदीवरचा प्रार्थनाविधी, ऐकायच्या. आता हिशेब करा. वेदी उंच, सज्जा उंच. म्हणजे मरियेचं चित्र आणि भगिनी एकमेकींसमोर, आणि आपण सगळे मधल्या खळग्यात. माझी बायको म्हणाली, हे चर्च आपल्यासाठी बांधलेलंच नाही, त्यांच्यासाठी बांधलंय.

बाकी चित्र 'पावतं' म्हणून गर्दी लोटली हे वाचून वांद्र्याची मोत माउली आठवली. तिथे मेणाचा हात-पाय वाहतात, नवस फेडतात, आणि रांगेत सगळ्या जातिधर्माचे असतात. व्हेनिसला १४८० मध्ये तसंच काहीसं चित्र असेल.


टिकलीएवढं

सोपारा_फास्ट, फार छान. मीही गेलेय आणि सज्ज्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी छत बघत होते. ५० चौकटी आणि प्रत्येकीत एकेक संदेष्टा, पेन्नाकी नावाच्या चित्रकाराने आणि साथीदारांनी रंगवलेले. पण खरं सांगू? खालून ते सगळे एकसारखे दाढीवाले काका दिसतात. मान दुखली. इतक्या संयमी भिंतींवर हे छत मला जरा जड वाटलं.


सोपारा_फास्ट

काका +१. सज्ज्यातून जवळून दिसत असतील. पुन्हा तेच, भगिनींची चंगळ.


मांडवीकाठ

गोव्याहून. संगमरवराचं निघालंच आहे तर: ज्यांना इटलीचं तिकीट परवडत नाही त्यांनी जुन्या गोव्याला बॉम जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची समाधी नीट बघा. लोक वरच्या चांदीच्या पेटीकडे बघून पुढे सरकतात. खालचा रंगीत दगडाचा चौथरा फ्लॉरेन्सचा आहे. तिथल्या तोस्काना प्रांताचा राज्यकर्ता तिसरा कोसिमो मेदिची याने भेट दिलेला, फोज्जिनी नावाच्या मूर्तिकाराने केलेला. कामाला दहाएक वर्षं लागली आणि १६९८ मध्ये तो इथे उभा राहिला. मिराकोलीनंतर दोनशे वर्षांनी, म्हणजे शैली पार वेगळी, बरोक. पण रंगीत दगड दगडात बसवायची इटालियन हौस काय असते ते कळतं.


शंकेखोर

एक शंका आहेच. मी जरा वाचलं. सेव्ह व्हेनिस नावाच्या अमेरिकन संस्थेने १९८७ ते १९९७ अशी दहा वर्षं या चर्चची दुरुस्ती केली आणि सुमारे ४० लाख डॉलर खर्च झाला. एवढ्याशा चर्चवर? आतली लांबी आमच्या सोसायटीच्या पार्किंगएवढी असेल. दहा वर्षं काय पॉलिश करत होते?


पाथरवट

पॉलिश नाही हो, लोणा.

तुमच्या गावाकडच्या घरात भिंतीला खालून पांढरं येतं आणि गिलाव्याचे पोपडे पडतात, ते आठवा. तेच, फक्त जमिनीतल्या ओलीऐवजी समुद्राचं पाणी. विटा ते वर ओढतात, दिव्याची वात तेल ओढते तसं. पाणी पृष्ठभागापाशी सुकतं, मीठ दगडाच्या छिद्रांत अडकतं. पुन्हा भरती, पुन्हा ओल, पुन्हा मीठ. मिठाचे खडे आत फुगतात आणि दगडाचे कण एकमेकांना सोडायला लागतात. असा बाधलेला संगमरवर बोटाने चोळला तर खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा हातात येतो. मी पाहिलंय, समुद्राकाठच्या एका बंगल्यात आम्हीच लावलेल्या फरशीचं असं झालं. गिऱ्हाइकाला वाटलं आम्ही खराब माल दिला. चूक आमचीच होती, पण मालाची नाही. ओल न बघता फरशी मारली.

मिराकोलीच्या फरशांत १४ टक्के मीठ भरलं होतं असं मीही वाचलंय. दगडात १४ टक्के! तो कधीही फुटला असता. म्हणून त्यांनी मढवलेल्या फरशा उतरवल्या, स्टीलच्या हौदांत डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवल्या, मीठ सुटेपर्यंत, आणि मग एकेक परत जागेवर. आता हा विचार करा की शेकडो तुकडे, पाचशे वर्षांचे, काही अंगठ्याएवढे, आणि प्रत्येकाची रेघ शेजारच्याशी जुळवायचीय. एक फरशी उलटी लागली तर मावशींच्या आईंनी लगेच पकडली असती. मी ४० लाखांत ते काम घेतलं नसतं.


शंकेखोर

बरं बाबा. ही शंकाही मागे.


मांडवीकाठ

पाथरवट, आमच्याकडचं दुखणं ऐका. बॉम जेझू जांभ्या चिऱ्याचं आहे. त्यावर चुन्याचा गिलावा होता, पावसापासून जपायला. १९५० च्या दशकात पोर्तुगिजांच्या अमलात तो गिलावा मुद्दाम काढला, चिरा उघडा पडला की इमारत जुनी आणि भारदस्त दिसते म्हणून. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात चिरा झिजतोय. आता गिलावा परत करावा असं म्हटलं की लोक म्हणतात, अरे पण चर्चचा लालच तर रंग आहे! फोटोत तसंच बघायची सवय झालीय ना.


टी_स्क्वेअर

मांडवीकाठ, यावर वेगळा धागा काढाच. मी येतो भांडायला.

पाथरवटांच्या लोण्यात (खायच्या नव्हे) एक पुरवणी. व्हेनिसच्या जुन्या गवंड्यांना हे माहीत होतं. म्हणून ते पाण्यालगत इस्त्रिया भागातला पांढरा चुनखडी दगड घालत, तो पाणी फारसं शोषत नाही. त्याच्या वर विटा. पण शहर खचलं, समुद्र चढला, आणि पाणी त्या दगडाच्या डोक्यावरून विटांना भिडायला लागलं. ४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी १९४ सेंटिमीटरवर गेलं. त्या पुरानंतरच जगभरातून सेव्ह व्हेनिससारख्या संस्था उभ्या राहिल्या. १२ नोव्हेंबर २०१९ ला पुन्हा १८७. आता 'मोझे' नावाच्या समुद्री बंधाऱ्याचे दरवाजे २०२० पासून मोठी भरती अडवतात, पण विटांत आधीच शिरलेलं मीठ ते काढू शकत नाहीत.


उंबरठा

मावशी, फोटो???


भटकी_मावशी

उंबरठा, फोटो टाकते गं, पण आधीच सांगते, अर्ध्यांत राखणदाराची पाठ आलीय.

सगळ्यांचे आभार. पाथरवट, तुमचा पहिला प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. कामावर ठेवलं असतं म्हणाल्यावर तिने पगार विचारलाय. सोपारा_फास्ट, सज्ज्याचं वाचून ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, सातव्या पायरीवर बसले होते तेव्हा मला मागचं सगळं दिसत होतं, तूच बघत नव्हतीस. खरंय. वेदी आणि सज्जा यांच्या बरोबर मध्ये ती बसली होती.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी राहिल्या. एक, बाहेर पडल्यावर लगेच पुढे पळू नका. मागच्या बाजूला पूल ओलांडला की सांता मारिया नोवा नावाचा छोटा चौक लागतो. तिथून घुमटाची आणि मागची बाजू दिसते, जी दारातून अजिबात कळत नाही. आम्ही तिथे सफरचंद खाल्लं. दोन, गुडघेवाल्यांना घेऊन जात असाल तर चर्चमध्ये चिंता नाही, बाकं आहेत. त्रास आहे तो पुलांचा. रिआल्तोचा पूल टाळायचा असेल तर वापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या बोटबसने, चर्च ज्या काठाला आहे त्याच काठाला उतरा.


पाथरवट

आईंना सांगा, पगार फरशीच्या चौरस फुटावर. आणि मावशी, तुमच्याकडे भिंतीचा जवळून घेतलेला एखादा फोटो असेल तर पाठवा, दोन कापांचा सांधा दिसेल असा. मला बघायचंय सांध्यात नख जातं का.


भटकी_मावशी

आहे एक. पण त्यात नेमकं सांध्यावरच आईचं बोट आलंय. मागे घ्यायच्या आधीचं.


पाथरवट

तोच पाठवा.